कल्हईचं कथील, दह्याचं आम्ल

बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ताक ठेवायचं नाही, हे पूर्वी घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. आंबट पदार्थ पितळेला लागू न देणं हे त्याचं काम. हेच कथील साखरेतून दह्यातलं आम्ल घडवू शकतं, हे मात्र फार उशिरा उमगलं. त्या कहाणीतला एक टप्पा पुण्यात घडला.

दह्यातलं लॅक्टिक आम्ल स्वीडनच्या कार्ल शेले यांनी १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून वेगळं केलं. आज ते खाद्यपदार्थांत आणि औषधांत लागतं. त्यापासून कुजणारं प्लास्टिकही बनतं. कारखान्यात ते बहुतेक जिवाणूंकरवी साखर आंबवून करतात. पण आम्ल वाढलं की जिवाणू मंदावतात. मग चुना घाला, नंतर सल्फ्युरिक आम्लाने ते सोडवा! टनभर आम्लामागे जवळजवळ टनभर जिप्सम उरतं.

हे काम धातूकडून करून घेता आलं तर? मी राहतो वारज्यात. आमच्याकडून चांदणी चौक ओलांडला की पाषाण, आणि तिथे १९५० मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. तिथल्या एन. के. मल आणि ए. व्ही. रामस्वामी यांनी १९९७ मध्ये ‘बीटा’ जातीच्या झिओलाइटमध्ये कथिलाचे अणू बसवल्याचं प्रसिद्ध केलं. झिओलाइट म्हणजे रेणूंच्या मापाची भोकं असलेली स्फटिकाची चाळणी. त्यांनी ती हायड्रोजन पेरॉक्साइडने होणाऱ्या ऑक्सिडीकरणासाठी तपासली. २००१ मध्ये स्पेनच्या आवेलिनो कोर्मा यांच्या गटाने कथिलाच्या बीटाचा आणखी एक उपयोग दाखवला.

साखरेची पाळी आली २०१० मध्ये, डेन्मार्कात. होल्म, तार्निंग आणि आपले भारतीय सरवणमुरुगन यांनी साधी साखर मिथेनॉलमध्ये विरघळवून १६० अंशांवर या चाळणीसोबत तापवली. लॅक्टिक आम्लाचं मिथाइल रूप ६८ टक्क्यांपर्यंत हाती आलं. चाळणी गाळून, भाजून पुन्हा वापरता आली.

यातली गंमत हिशेबात आहे. ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन असतात. मद्यार्क करताना त्यांतले दोन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. लॅक्टिक आम्ल करताना सहाचे तीन-तीन असे दोन सारखे भाग पडतात, वाया काहीच जात नाही. निदान कागदावर तरी!

अडचणही आहे. लॅक्टिक आम्लाचा रेणू डावा किंवा उजवा असतो. योग्य जिवाणू हवा तो एकच हात देतात. कथील दोन्हींची सरमिसळ करतं. टणक प्लास्टिकला मुख्यतः एकच हात लागतो. म्हणून आंबवण्याची वाट अजून पुढे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याच्या ‘प्राज’ने जेजुरीला जैवप्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला, तोही आंबवण्यावरच.

पाषाणची प्रयोगशाळा १९५० ची. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगामही १९५० चाच. एकीकडे कथिलाची चाळणी, दुसरीकडे ऊस. दोन्ही आपल्याकडे असताना त्यांची गाठ पडली ती डेन्मार्कात. डाव्या-उजव्याचा तिढा अजून बाकी आहे. तो सोडवायला लागणारी साखर आणि ती चाळणी जाणणारी माणसं आजही एकाच राज्यात आहेत. त्यांना एका टेबलाशी बसवायचं एवढंच काम उरलं आहे.