न भरणारी जखम : निसर्गातून आलेल्या पट्ट्या आणि आपले प्रश्न

साधी जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. महिना उलटूनही ओलीच असेल, तर कारण आत असते. शुगर हे त्यातले मोठे कारण. शुगर वाढली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा घटतो. आमच्या कोरेगाव भागात उसात, आल्याच्या शेतात काम करताना काटा रुतला तरी अशा माणसाला कळत नाही.

पूर्वी जखम सुकवणे चांगले मानत. 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले की ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी लवकर येते. हा ओलावा सांभाळायला जैवबहुलक, म्हणजेच बायोपॉलिमर, कामी येतात. हे वनस्पती आणि प्राण्यांपासून मिळणारे पदार्थ आहेत.

अल्जिनेट : समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून. पाणी शोषून जेलसारखे होते; जास्त पाझरणाऱ्या जखमेसाठी. कोरड्या जखमेला नको.

कायटोसान : कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून. रक्त थांबवते, जंतूंना आळा घालते.

कोलॅजन : गाय-बैल, डुक्कर किंवा मासे यांच्यापासून. नव्या मांसाला आधार देते.

मुंबईत याच वाटेवर स्वस्त प्रयोग झाले. वाडिया बाल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी 1985 मध्ये भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालीची पट्टी वापरल्याचे मांडले. पुढे सायन रुग्णालयात केळीचे पान वापरले गेले. ही पट्टी रुग्णालयात निर्जंतुक करून, डॉक्टरांच्या हातून बांधलेली होती. म्हणून घरी पान, राख किंवा हळद बांधू नये.

हलाल-हरामचा प्रश्न आपल्या घरांत येतोच. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून जखमेसाठी पडदा बनवला आहे. त्यामुळे पट्टी कशापासून बनली, हे डॉक्टरांना सरळ विचारावे. शेवाळाचा, माशाचा पर्याय चालेल का, तेही विचारावे. पर्यायच नसेल तर आलिमसाहेबांचा सल्ला घ्यावा. मात्र या विचारात उपचार लांबवू नये.

वुजूसाठी दिवसातून पाच वेळा पट्टी सोडणे किंवा भिजवणे जखमेला घातक आहे. पट्टीवर मसह करण्याची सवलत शरियतमध्ये आहे. त्याची पद्धत इमामसाहेबांकडून समजून घ्यावी.

आणि पट्टी कितीही महागडी असली तरी ती एकटी पुरत नाही. शुगर ताब्यात, जंतुसंसर्गावर औषध, सडलेला भाग काढणे, रक्तपुरवठ्याची तपासणी आणि त्या पायावर भार न देणे, हे सगळे सोबत हवे. नाहीतर पट्टीखाली जखम वाढत राहते.

पाय काळा पडला, वास आला, सूज वर चढली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आपल्याला जवळ आहे. घरातल्या अब्बा-अम्मींना शुगर असेल, तर रोज रात्री झोपण्यापूर्वी त्यांचे तळवे उजेडात बघावेत. यात दोन मिनिटे जातात, पण पाय वाचू शकतो.