नव्या प्लास्टरवर लगेच मॉड्युलर किचन का बसवू नये?

नाशिकमध्ये फ्लॅट असो की बंगला, घराचं काम शेवटच्या टप्प्यात आलं की घाई सुरू होते. वास्तुशांतीचा मुहूर्त ठरलेला असतो, भाड्याचं घर सोडायचं असतं. प्लास्टर होऊन आठवडा उलटत नाही तोच किचनची कपाटं बसवायची तारीखही ठरते. ओल्या भिंतीला कपाटं लागली, तर मागे बुरशी धरते, प्लाय फुगतो, लॅमिनेट सुटतं. हजारो रुपयांचा खर्च वाया जाऊ शकतो.

घट्ट झालेली भिंत वाळलेली असते का?

नाही. सिमेंट वाळून नाही, तर पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. म्हणूनच प्लास्टरनंतर दुसऱ्या दिवसापासून किमान 7 दिवस भिंतीवर पाणी मारावं लागतं. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात हे पाणी झपाट्याने उडतं. तेव्हा दिवसातून दोन-तीनदा पाणी मारलं नाही, तर प्लास्टरला तडे जातात आणि ते भुसभुशीत राहतं.

पाणी मारणं थांबल्यावर वाळणं सुरू होतं. 10 बाय 10 फुटांच्या भिंतीवर 12 मिलिमीटर प्लास्टर केलं, तर त्या मालातच साधारण 25 लिटर पाणी असतं. वरून मारलेलं आणि विटांनी शोषलेलं पाणी वेगळं. यातलं काही सिमेंटमध्ये बांधलं जातं, बाकीचं हवेत जावं लागतं. त्यासाठी साधारण 3 ते 4 आठवडे धरावेत. पावसाळ्यात याहून जास्त वेळ लागतो.

जिप्सम प्लास्टरचं गणित वेगळं आहे. त्यावर पाणी मारत नाहीत आणि ते लवकर वाळतं. पण ओल त्याला सोसत नाही, त्यामुळे सिंकमागच्या भिंतीला सिमेंट प्लास्टरच बरं.

भिंत तयार आहे, हे कसं ओळखायचं?

• ओल: सुमारे दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर 24 तास ठेवावा. आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा भिंत गडद झाली, तर थांबावं.
• आवाज: भिंत हलकेच ठोकून पाहावी. पोकळ आवाज येईल तिथे प्लास्टर विटेला धरलेलं नाही. तेवढा भाग काढून पुन्हा करावा.
• सरळपणा: ओळंबा आणि गुण्या लावून पाहावं. कोपरा काटकोनात नसेल, तर कपाट आणि भिंतीत फट राहते.
• क्षार: पांढरी पूड दिसल्यास कोरड्या ब्रशने झाडावी. ती पुन्हा आली, तर पाणी कुठून येतंय ते आधी शोधावं.

कामाचा क्रम काय असावा?

नळाच्या पाइपची आणि वायरिंगची झिरी प्लास्टरआधीच मारावी. पाइप झाकण्यापूर्वी दाब देऊन गळती तपासावी. त्याच वेळी भिंतीला टेप लावून फोटो काढून ठेवावेत. पुढे ड्रिल करताना पाइप कुठून गेलाय हे त्यावरून कळतं.

डॅडो टाइल्स जिथे लागणार, तिथे पुट्टी किंवा रंग लावू नये, कारण टाइल पुट्टीला चिकटते आणि पुट्टीच भिंतीपासून सुटते. इतर भागात भिंत वाळल्यावर प्रायमर, पुट्टी आणि रंगाचा निदान एक हात कपाटं लागण्याआधी द्यावा. ताजं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असल्याने घाईत लावलेल्या रंगाचे पोपडे निघतात.

भिंतीवरच्या कपाटाचं वजन प्लास्टरने नाही, तर त्यामागच्या विटेने पेलायचं असतं. म्हणून स्क्रू प्लास्टर पार करून विटेत खोल जाईल एवढा लांब हवा. हलक्या एएसी ब्लॉकची भिंत असेल, तर त्यासाठीचे खास फास्टनर वापरावेत.

वॉटरप्रूफ प्लाय घेतला म्हणजे ओल्या भिंतीची काळजी मिटली, असंही नाही. प्लाय टिकला, तरी मागे बुरशी धरते आणि लोखंडी स्क्रू गंजतात. म्हणून किचनची ऑर्डर देताना प्लास्टरची तारीख सांगावी आणि कपाटं बसवण्याचा दिवस प्लास्टिकची चाचणी झाल्यावरच पक्का करावा.