देहाचे वजन आणि पेठेची मापे

बंगळूर शहराची जन्मकथा सांगताना लोक चिकपेट आणि दोड्डपेट हे दोन रस्ते जेथे एकमेकांस छेदतात तेथून आरंभ करतात. इ. स. १५३७ च्या सुमारास केंपेगौडाने येथून चारी दिशांना बैलांचे नांगर धरविले आणि त्या तासांवर पेठा वसविल्या, अशी परंपरा आहे. कन्नडमध्ये चिक्क म्हणजे लहान आणि दोड्ड म्हणजे मोठा. भोवतालच्या पेठांची नावे तर मालावरूनच पडली. अक्किपेट तांदळाची, अरळेपेट कापसाची, बळेपेट बांगड्यांची, तरगुपेट धान्याची. एवढा व्यापार जेथे एकवटला, तेथे ताजवा आणि गज यांचे राज्य असणार हे उघड आहे.

या पेठेशी मराठी माणसाचा संबंध आजकालचा नव्हे. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचा वाडा याच चिकपेटेच्या परिसरात होता असे सांगतात. येथील दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’त करून ठेवले आहे. १६८७ च्या सुमारास शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे तीन लाख रुपयांस गेले, तरी मराठी बोलणारी कुटुंबे पेठेत राहिली. भावसार आणि नामदेव शिंपी यांची घरे आजही तेथे आहेत. कापड रंगविणे, विकणे आणि शिवणे हे त्यांचे परंपरागत उद्योग.

अशा पेठेत कोणी म्हणाला की ‘माझे वजन उतरले’, तर त्याला पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की कोणत्या मापाने? प्रश्न थट्टेचा वाटेल, पण तो तसा नाही. जुन्या म्हैसूर मुलखात कच्चा शेर चोवीस रुपये भार, म्हणजे चोवीस तोळ्यांचा असे, आणि अशा चाळीस शेरांचा कच्चा मण. कंपनी सरकारने पुढे जो शेर प्रमाण ठरविला तो ऐंशी तोळ्यांचा. आता आपल्या किलोग्रॅममध्ये छप्पन्न भरणारा एक साधारण गृहस्थ घ्या. पेठेतील कच्च्या मापाने तो पाच मणांचा. पक्क्या मापाने तोच दीड मणाचा. १८०९ मध्ये बसविलेल्या इंग्रजांच्या लष्करी छावणीत, म्हणजे पेठेपासून घटकाभर चालण्याच्या अंतरावर, तो सुमारे १२३ रत्तलांचा, किंवा साहेबी ढंगाने बोलावयाचे तर आठ स्टोन अकरा पौंडांचा. माणूस एकच, त्याची भूक एकच, पण पेठेतून छावणीत जाताच तो मणांतून उतरून पौंडांत शिरावयाचा.

मापांतील हा घोळ पुष्कळ प्राचीन आहे, आणि त्यातला काही भाग जाणूनबुजून केलेला आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात सरकारी जमेसाठी शंभर पळांचे माप सांगितले, व्यवहारासाठी त्याहून पाच पळे कमी, चाकरमान्यांना देण्यासाठी आणखी पाच कमी आणि अंतःपुरासाठी त्याहूनही पाच कमी. घेताना जड आणि देताना हलके! मात्र याच ग्रंथकाराने वजने कशाची असावीत हेही सांगितले आहे. ती लोखंडाची किंवा मगध व मेकल येथील दगडाची असावीत, अथवा पाण्याने फुगणार नाही व उन्हाने आकसणार नाही अशा पदार्थाची असावीत. माप स्वतः बदलता कामा नये ही जाणीव त्या काळीही पक्की होती.

माणसाला तोलण्याची चाल आपल्याकडे तुलादानातून आली. शहाजीराजांच्या नावाशी तिची एक गोड कथा निगडित आहे. भीमा आणि इंद्रायणी यांच्या संगमावर मुरार जगदेवाला हत्तीच्या भारंभार दान करावयाचे होते, पण हत्ती पेलणारा ताजवा कोठून आणावा? शहाजीराजांनी हत्तीला नावेत चढविले, पाणी नावेला जेथवर लागले तेथे खूण केली, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत नाव बुडेतो दगड भरले आणि ते दगड तोलले. त्यावरून त्या गावाचे नाव तुळापूर पडले, असे सांगतात. कथा म्हणून घेतली तरी तिच्यातील शास्त्र चोख आहे. येथे मण-शेराचा हिशेब अखेरीस आला; आरंभी केवळ एक खूण पुरली.

त्यांच्या पुत्राची तुला मात्र इतिहासात अंकांसह नोंदलेली आहे. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी आलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाने शिवाजी महाराजांचा भार सोळा हजार होन झाल्याचे लिहिले. हे वाचताच आपल्यापैकी अनेकांना गुणाकार करण्याचा मोह होतो. पण कोणता होन? जुना विजयनगरी होन साधारण ३.४ ग्रॅमचा. त्याने गुणले तर उत्तर ५४ किलोग्रॅमच्या आसपास येते. शिवराई होन साधारण २.८ ग्रॅमचा. त्याने गुणले तर ४५ देखील धड भरत नाही. नाण्याचे नाव एक राहिले आणि धातू बदलला की माणूस नऊ किलोंनी रोडावतो! म्हणून या सोळा हजारांवरून महाराजांच्या देहयष्टीविषयी ठाम विधाने करणाऱ्या लेखकांशी मी सहमत होऊ शकत नाही.

वजन उतरल्याची खरीखुरी जुनी नोंद हवी असेल तर ती जहांगीर बादशहाच्या आठवणींत सापडते. मोगल बादशहा वर्षातून दोनदा, सौर आणि चांद्र वाढदिवशी, तोलला जाई, आणि त्यामुळे त्याच्या देहाचा एक सलग हिशेब आपोआप तयार होई. १६२१ मध्ये जहांगीर आजारी पडला. तो लिहितो की प्रकृती चांगली असताना आपण तीन मण आणि वर एक-दोन शेर भरत होतो, परंतु या वर्षी अशक्ततेमुळे दोन मण सत्तावीस शेरच भरलो. आता हे किती घटले? तीन मण एक शेर धरला तर १२१ शेरांवरून १०७, म्हणजे चौदा शेर. अकबरी शेराने हिशेब केला तर ७६ किलोग्रॅमवरून ६७. जहांगिराने स्वतः वाढविलेल्या शेराने केला तर ९१ वरून ८१. आणि कोणी चुकून इंग्रजी अमदानीतला शेर लावला तर ११३ वरून १००! तीन मापे आणि तीन निरनिराळे बादशहा. परंतु एक गोष्ट तिन्हींत तीच राहते. चौदाला १२१ ने भागा. शेकडा साडेअकरा येतात. शेर कोणताही असो, जुना असो वा नवा, बादशहाच्या देहाचा जवळजवळ नववा हिस्सा त्या आजारात गेला हे ठाम सांगता येते. दोन्ही वेळा शेर एकच वापरला असला की पुरे. वैद्यकातही आज घट मोजताना किती किलो गेले याबरोबर शेकडा किती गेले हे पाहतात, त्याचे कारण हेच.

त्याच सुमारास, १६१४ मध्ये, इटलीतील सांतोरियो या वैद्याचा एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हा गृहस्थ वर्षानुवर्षे ताजव्याला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवण्यापूर्वी व जेवणानंतर स्वतःला तोलीत असे. आठ रत्तल अन्नपाणी पोटात गेले तर त्यातील सुमारे पाच रत्तल न दिसणाऱ्या घामा-वाफेच्या रूपाने निघून जाते, असे त्याला आढळले. घरोघरच्या काट्यावर रोज सकाळ-संध्याकाळ चढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. दिवसाकाठी होणारी किलोभराची चढउतार बहुधा पाण्याची आणि अन्नाची असते, चरबीची नव्हे. माप जितके बारीक तितके सत्य अधिक, असे नाही. दोन किलो उतरलेल्या माणसाला स्टोनमध्ये जेमतेम तिसरा हिस्सा दिसतो आणि तो खट्टू होतो. तेच पौंडांत साडेचारच्या घरात जाते आणि तो खूश होतो. कच्च्या शेराने सात शेर! आणि सोनाराच्या मापाने, आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा धरून, सोळा हजारांवर गुंजा. विक्रेत्यांना हे गुपित ठाऊक आहे. वजन उतरविण्याच्या विलायती जाहिराती पौंडांत बोलतात तेव्हा केवळ सवयीने बोलतात असे मला वाटत नाही.

आपल्या देशाने या गोंधळातून बाहेर पडण्याचे ठरविले ते १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने. १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने निवडक क्षेत्रांत आली आणि १ एप्रिल १९६२ पासून व्यापारात तीच सक्तीची झाली. पेठेतील म्हाताऱ्या दुकानदारांना ते जड गेले असल्यास नवल नाही. पूर्वी वजने हरवली तर रुपये टाकून काम भागे, कारण इंग्रजी रुपयाच एक तोळ्याचा होता. दवाखान्यांतून मात्र पौंड बराच काळ रेंगाळले. रेल्वे स्थानकांवरील नाणे टाकून तिकीट देणारी यंत्रे नव्या मापात बोलू लागली. त्या तिकिटावर वजनाशेजारी भविष्यही छापलेले असे, आणि दोहोंपैकी भविष्यच आधी वाचले जाई. गांधीजींच्या पिढीचे आरोग्य तर सगळे पौंडांतच नोंदले गेले. १९२७ मध्ये प्रकृती ढासळल्यावर ते नंदी टेकडीवर आणि बंगळुरात महिनोनमहिने विश्रांतीस होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१९ मध्ये त्यांच्या आरोग्याची कागदपत्रे प्रसिद्ध केली, तेव्हा वृत्तपत्रांनी ४६.७ किलोग्रॅम हा आकडा छापला. तो साधारण १०३ पौंड होतो.

हा केवळ हौसेचा विषय नाही, हे क्षयरोग्यांच्या बाबतीत दिसते. राष्ट्रीय क्षयरोग संस्था १९५९ मध्ये बंगळुरातच स्थापन झाली. आज क्षयाच्या गोळ्यांची संख्या रुग्णाच्या वजनाच्या टप्प्यांवरून ठरते. २५ ते ३४ किलोग्रॅमला दोन, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार, असे ते टप्पे आहेत. येथे वजन वाढणे हीच शुभवार्ता असते. झारखंडात झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन शेकडा पाचने वाढले त्यांचा मृत्यूचा धोका पुष्कळ कमी असल्याचे आढळले. पुन्हा शेकड्याचाच हिशेब.

तथापि ताजवा काही गोष्टी सांगतच नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपली दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. उंचीच्या मानाने वजनाचा जो अंक काढतात तो दोघांचा एकच होता, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांची शेकडा २१.२! दिसावयास सडपातळ असलेला भारतीय माणूस आतून लठ्ठ असू शकतो, हे यापेक्षा कमी शब्दांत कोणी सांगितले नसेल. चरकाने देहाची मापे सांगताना ताजव्याचे नावही घेतले नाही. प्रत्येकाच्या स्वतःच्या बोटाची रुंदी हे माप धरून उंची चौऱ्याऐंशी अंगुळे सांगितली, आणि उंची व पसरलेल्या हातांची लांबी समान असावी असे म्हटले.

तेव्हा पेठेतील दुसऱ्या साधनाकडे, शिंप्याच्या टेपेकडे, वळणे भाग आहे. पोटातील चरबीचा अंदाज कमरेच्या घेरावरून बरा लागतो. भारतीय पुरुषांस ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही मर्यादा डॉक्टर सांगतात. पूर्वी कापडाचा गज चोवीस तसूंचा मोजीत. गज छत्तीस इंची धरला तर तसू दीड इंचाचा होतो. त्या हिशेबाने पुरुषाची मर्यादा एका गजाच्या जरा आत पडते, आणि स्त्रीची बरोबर एकवीस तसू.