हुनैनला ग्रीक कोणी शिकवली?

नववीच्या वर्गावर ऑफ तास मिळाला होता. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून मी मुलींना बगदादची गोष्ट सांगत होते. खलिफा मामून, त्याचे बैतुल हिकमत, आणि ग्रीक ग्रंथ अरबीत आणणारा हुनैन इब्न इसहाक. पुस्तकाच्या वजनाइतके सोने अनुवादकाला मिळे, ही नेहमीची गोष्टही सांगितली. सोन्याचे नाव काढले की वर्ग आपोआप शांत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "टीचर, पण त्याला यूनानी शिकवली कोणी?"

मला उत्तर आले नाही. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की उत्तर येत नसेल तर प्रश्न वर्गाकडे परत टाकावा. मी तो टाकला. वर्ग माझ्याकडे बघत राहिला.

दिवाळीच्या सुट्टीत वाचायला बसले, तेव्हा पहिल्यांदा कळले ते हे की माझी गोष्टच अर्धी कच्ची होती. बैतुल हिकमत म्हणजे अनुवादकांचे मोठे विद्यापीठ, तिथे ओळीने विद्वान बसलेले, असे चित्र आपण सगळेच रंगवतो. दिमित्री गुतास या अभ्यासकाने १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या चित्राला हात घातला. त्याच्या मते ते मुख्यतः राजवाड्याचे ग्रंथालय होते. याला पुरावा खुद्द हुनैनचाच आहे. अली इब्न यहया या दरबारी माणसाला लिहिलेल्या पत्रात हुनैनने जालीनूसच्या १२९ ग्रंथांची यादी दिली आहे. कोणता ग्रंथ कोणी अनुवादला, कोणासाठी, हस्तलिखित कसे होते, सगळे तपशील आहेत. बैतुल हिकमतचे नाव मात्र त्यात येत नाही. पैसे देणारी माणसे येतात ती हकीम, दरबारी, श्रीमंत घरचे शौकीन. मूसाचे तीन मुलगे, म्हणजे बनू मूसा, हे त्यांतले मोठे आश्रयदाते. हुनैन, हुबैश आणि साबित इब्न कुर्रा यांच्यावर ते महिन्याला सुमारे ५०० दिनार खर्च करीत, असे इब्न नदीमने नोंदवले आहे. सोन्याच्या वजनाची गोष्ट तेराव्या शतकातल्या इब्न अबी उसैबिआची. तो वर असेही सांगतो की कागद जाड आणि अक्षर मोठे ठेवीत, म्हणजे वजन वाढावे. खरे-खोटे अल्ला जाणे, पण हे वाचून मला हुनैन एकदम जवळचा वाटला.

म्हणजे काय, तर तो सगळा कारभार खाजगी होता. घरात चालणारा, उस्ताद आणि शागीर्द यांच्यातला. तेव्हा मुलीचा प्रश्न आणखीच टोचू लागला.

हुनैनचा जन्म इराकातल्या हिरा गावी इ.स. ८०८ च्या सुमारास झाला. घर ख्रिस्ती, नस्तुरी पंथाचे. वडील औषधे विकायचे. घरची भाषा सुरयानी, बाहेरची अरबी. मुलगा बगदादला आला आणि यूहन्ना इब्न मासवैह या नामवंत हकीमाकडे शिकू लागला. त्याला प्रश्न विचारण्याची खोड होती. एके दिवशी उस्ताद भडकले. हिराच्या लोकांनी रस्त्यावर बसून नाणी मोडून द्यावीत, वैद्यकीशी त्यांचा काय संबंध, अशा अर्थाचे बोलून त्यांनी पोराला हाकलून दिले. यूहन्नाचे घराणे जुंदीशापूरचे. तिथल्या हकीमांना वाटे की ही विद्या आपल्याच मंडळींची.

मी हे वाचताना थांबले. अकरावीत असताना मी इंग्रजीच्या एका खाजगी क्लासला जात होते. उर्दू माध्यम म्हटल्यावर तिथल्या सरांनी मला शेवटच्या बाकावर बसवले, आणि काही विचारले की म्हणत, "तुमचं डी.एड. उर्दूतच होणार ना? मग एवढं कशाला?" हुनैन रडत बाहेर पडला असे लिहिले आहे. मी रडले नाही. उरलेल्या तीन महिन्यांची फी बुडाली, तिचे मात्र अब्बांना वाईट वाटले.

पुढची हकीकत सुंदर आहे. दोन-अडीच वर्षे हुनैनचा पत्ता नव्हता. मग यूसुफ इब्न इब्राहीम नावाच्या ओळखीच्या माणसाने बगदादच्या एका घरात एक तरुण पाहिला. केस वाढलेले, चेहऱ्याचा काही भाग त्यांनी झाकलेला, येरझाऱ्या घालत तो ग्रीकमध्ये होमरचे काव्य म्हणत होता. यूसुफने त्याला आवाजावरून ओळखले. हुनैनने सांगितले की ग्रीक पक्की येईपर्यंत वैद्यकीला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली आहे, आणि कोणाला बोलू नका अशी विनंती केली. काही काळाने जिब्रईल इब्न बख्तीशू या शाही हकीमाने त्याचे काम पाहिले आणि त्या पोराला मान देऊन हाक मारली. यूहन्नालाही अनुवाद दाखवला गेला. तो चकित झाला आणि दोघांची दिलजमाई झाली. पुढे त्याच यूहन्नासाठी हुनैनने ग्रंथ अनुवादले.

त्या दोन-अडीच वर्षांत तो कुठे होता? कोणी म्हणतात रूमच्या, म्हणजे बायझंटाईन मुलखात, कोणी म्हणतात अलेक्झांड्रियात. दोन्ही हकीकतींत शिकवणाऱ्याचे नाव नाही. पण तो कशा जातीचा शिक्षक असेल याचा एक धागा हाती लागतो, तो होमर. वैद्यकीचे ग्रंथ वाचायला होमरची काही गरज नाही. पण ग्रीक मुलांचे शिक्षण शतकानुशतके होमरपासूनच सुरू होत आले होते, जशी आपल्याकडे फारसीची शिकवणी करीमा आणि गुलिस्ताँपासून सुरू व्हायची. तेव्हा हुनैनने नुसते शब्दकोश धुंडाळून काम भागवले नव्हते. कोणा जुन्या वळणाच्या शिक्षकासमोर बसून त्याने पाठांतर केले होते. एवढे मला शिक्षिका म्हणून छातीठोकपणे सांगावेसे वाटते.

आणि तो स्वतः उस्ताद झाला तेव्हा? मुलगा इसहाक, बहिणीचा मुलगा हुबैश, ईसा इब्न यहया, ही त्याची शाळा. पुष्कळदा हुनैन ग्रीकमधून सुरयानीत आणी, आणि शागीर्द सुरयानीतून अरबीत. एक ग्रंथ त्याने विशीत, खराब हस्तलिखितावरून अनुवादला होता. चाळिशीला आल्यावर हुबैशच्या सांगण्यावरून त्याने अनेक प्रती जमवल्या, त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि आपले जुने काम दुरुस्त केले. जालीनूसच्या एका ग्रंथासाठी तो इराक, शाम, फलस्तीन करत अलेक्झांड्रियापर्यंत फिरला. दमिश्कमध्ये अर्धाच मिळाला. आपल्या मोहल्ल्यातल्या युनानी दवाखान्यावर बुकरात आणि जालीनूस ही नावे दिसतात, ती या पायपिटीतून आलेली. मराठी माणूस एखादी गोष्ट आवडली की "अफलातून!" म्हणतो. तो अफलातून म्हणजे प्लेटो, आणि तोही अरबी-फारसीच्याच वाटेने महाराष्ट्रात आला.

हुनैन इ.स. ८७३ च्या सुमारास वारला. पुढच्या शतकाअखेर अनुवादाचे काम ओसरले. फाराबीला ग्रीक येत नव्हती. अरस्तूवर भाष्ये लिहून युरोपला जागे करणारा कुर्तुब्याचा इब्न रुश्द, त्यालाही नाही. अनुवाद झाले, मग मूळ भाषा शिकायची गरज कोणाला वाटेना. आपण हुनैनचा अभिमान फार सांगतो, पण त्याची शिकवणी बंद पडली याबद्दल कोणी बोलत नाही. मला ते खटकते.

पश्चिम युरोपाची अवस्था याहून वाईट होती. बगदादमध्ये हुनैन होमर म्हणत होता त्यानंतर पाच शतकांनी इटलीचा महाकवी पेत्रार्क होमरची प्रत जवळ घेऊन बसला होता आणि त्याला एक अक्षर वाचता येत नव्हते. १३४२ मध्ये त्याने बार्लाम नावाच्या साधूकडे ग्रीकची शिकवणी सुरू केली, ती फार पुढे गेली नाही. त्याचा मित्र बोकाचिओ याने १३६० मध्ये लिओंतिउस पिलातुस या माणसाला फ्लॉरेन्समध्ये स्वतःच्या घरी ठेवून घेतले. हा शिक्षक दाढी वाढलेला, गबाळा, तिरसट. तरी बोकाचिओने त्याला सोसले, त्याच्याकडून होमर लॅटिनमध्ये उतरवून घेतला. १३६५ मध्ये समुद्रप्रवासात वीज पडून पिलातुस मेला. ग्रीक नीट शिकवणारा मान्युएल ख्रिसोलोरास फ्लॉरेन्सला आला तो १३९७ मध्ये.

आता बायकांचे बघू, कारण हा प्रश्न मुलीने विचारला होता. विद्यापीठांची दारे बंद, त्यामुळे युरोपातल्या स्त्रीला ग्रीक यायची तर ती घरच्या शिकवणीतूनच. १५५० मध्ये रॉजर ॲस्कम हा शिक्षक इंग्लंडातल्या ब्रॅडगेटच्या वाड्यावर गेला, तेव्हा सगळे शिकारीला गेलेले आणि तेरा-चौदा वर्षांची जेन ग्रे एकटीच खोलीत अफलातून वाचत बसलेली, ग्रीकमधून. तिने त्याला सांगितले की आईवडील उठता-बसता चिमटे काढतात, टोमणे मारतात. शिकवायला येणारे एल्मर मास्तर तेवढे प्रेमाने वागतात, म्हणून अभ्यास आवडतो. चार वर्षांनी, १५५४ मध्ये, गादीच्या भांडणात त्या मुलीचा शिरच्छेद झाला.

साडेतीनशे वर्षांनीही फारसे बदलले नव्हते. व्हर्जिनिया वुल्फचे भाऊ केंब्रिजला गेले. तिला मुलींच्या विभागातले काही वर्ग मिळाले, आणि १९०२ पासून ग्रीकसाठी जॅनेट केस या बाईंची शिकवणी. केसबाई स्वतः केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात शिकलेल्या. त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदव्या द्यायला १९४८ उजाडले. १९३७ मध्ये केसबाई वारल्या तेव्हा टाइम्समधला मृत्युलेख व्हर्जिनियाने लिहिला. हुनैनच्या उस्तादाला हे भाग्य मिळाले नाही.

आपल्या देशात ग्रीक-लॅटिनचा हिशेब थेट नोकरीशी जोडला गेला. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा १८५५ पासून खुली झाली. मेकॉलेच्या समितीने गुण ठरवले: ग्रीकला ७५०, लॅटिनला ७५०, संस्कृतला ३७५, अरबीला ३७५. ज्या अरबीने युरोपसाठी अरस्तू सांभाळला, तिची किंमत ग्रीकच्या बरोबर निम्मी. परीक्षा लंडनला. तिथे या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या खाजगी शिकवण्यांचा मोठा धंदा उभा राहिला; त्यांना क्रॅमर म्हणत. इंग्रज मुलगा शाळेपासून लॅटिन घोकलेला, आणि इथला मुलगा समुद्र ओलांडून तिथे शिकवणी लावणार. १८७० च्या दशकाच्या अखेरीस वयाची कमाल मर्यादा १९ वर आणली गेली, तेव्हा हे जवळजवळ अशक्यच झाले. भारतात ही परीक्षा घ्यायला १९२२ साल लागले.

पण इंग्रजांनाच बोल लावून भागत नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात डॉ. आंबेडकरांना संस्कृत शिकायची होती. ते अस्पृश्य म्हणून शिक्षकाने शिकवायला नकार दिला, आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. फारसीने त्यांना दार उघडले, म्हणून मला ती भाषा आणखी प्रिय आहे. पण आमच्या घरीही शिकवणी लागली ती भावाला. फारसी शिकवणारे हाफिजसाहेब ओसरीवर बसत आणि मी आतून, पोळ्या लाटताना, ऐकत असे. माझी फारसी तेवढीच, ऐकीव.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर मी त्या मुलीला सांगितले की हुनैनच्या शिक्षकाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. ती म्हणाली, "मग हुनैननं तरी लिहायला पाहिजे होतं." तेव्हापासून ती आणि तिची मैत्रीण शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर थांबतात. करीमा काढली आहे. हाफिजसाहेब आता थकले आहेत, पण अडले की मी रिक्षा करून त्यांच्याकडे जाते. मागच्या आठवड्यात एका क्रियापदासाठी दोनदा जावे लागले.