दहा लिंकर आणि 16 जीबी

मशीन: मित्राचा लॅपटॉप. चार कोअर, आठ थ्रेड, 16 जीबी रॅम, उबुंटू 20.04, आणि इन्स्टॉल करतानाच तयार झालेली 2 जीबीची स्वॅप फाइल. काम: एलएलव्हीएम आणि क्लँगचा डीबग बिल्ड.

रात्री 8:00
बिल्ड चालवणारा निंजा सुरू. एका वेळी किती कामं चालवायची, हे मित्राने सांगितलं नाही. अशा वेळी निंजा थ्रेडच्या आकड्यात दोन मिळवतो, म्हणजे दहा. मेमरी किती आहे, याची तो चौकशीही करत नाही. घात इथेच झाला, पण ते कळायला दोन तास लागले.

8:20
पंखा बोंबलतोय, प्रोसेसरचं तापमान नव्वदीच्या घरात. पुढे मशीन थिजलं, तेव्हा मित्राचा संशय या उष्णतेवर गेला. पहिला संशय सगळ्यांचाच तिथे जातो. पण तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन फटकन बंद पडतं. ते असं थिजून राहत नाही.

9:00
निम्मं काम उरकलं, निम्मी मेमरी मोकळी. दर वेळी वेगळ्याच फाइलवर कंपायलर कोसळत असता, तर मेमटेस्ट लावून रॅम तपासली असती. क्वचित दोष चिपचाही असतो: 2017 मध्ये सुरुवातीच्या काही रायझन चिप लिनक्सवर अशाच समांतर बिल्डमध्ये सेगफॉल्ट देत होत्या, आणि एएमडीला त्या बदलून द्याव्या लागल्या. इथे तसलं काही नाही. मित्र जेवायला उठला.

9:50
लायब्ऱ्या तयार, लिंकिंगची पाळी. डीबग माहितीसकट एकेक मोठी बायनरी जोडताना जुना बीएफडी लिंकर काही जीबी खातो. निंजाने दहाच्या दहा जागा लिंकरला देऊन टाकल्या.

10:02
स्वॅप भरली. माउस आधी अडखळला, मग थिजला. डिस्कचा दिवा मात्र विझेना.

मशीन मेलेलं नव्हतं, उलट राबत होतं. जागा हवी म्हणून कर्नल चालू प्रोग्रामचा कोडच मेमरीतून काढतो, कारण तो डिस्कवरून पुन्हा वाचता येतो. पुढच्याच क्षणी तोच कोड लागतो. तो आणायचा तर दुसरा काढायचा. टर्मिनल, डेस्कटॉप, लिंकर, सगळे एकमेकांचा कोड हाकलून आपला परत मागवतात. प्रत्येक फेरीत थोडी जागा निघते, म्हणून कर्नलच्या हिशेबी मेमरी अजून संपलेलीच नसते. मेमरी संपल्यावर ज्याने एखाद्या प्रोसेसचा बळी घ्यायचा तो ओओएम किलर त्यामुळे झोपून राहतो. स्वॅप बंद केली तरी हे टळत नाही, उलट लवकर ओढवतं.

10:20
ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एफ. ही कळ ओओएम किलरला हाताने उठवते. काहीच घडलं नाही. अशा कोणत्या कळींना मुभा, हे ठरवणारं सिसआरक्यूचं मूल्य उबुंटूत 176 असतं, आणि त्यात एफला परवानगीच नाही! ज्या कळीची खरी गरज, नेमकी तीच बंद.

10:24
एस, यू, बी. या तिघांना मुभा आहे. एस डिस्कवर लिहायचं राहिलेलं उतरवतं, बी मशीन पुन्हा सुरू करतं. पॉवरचं बटण दाबून धरलं असतं, तर नुकत्याच लिहिलेल्या काही फाइली रिकाम्या राहण्याची आणि पुढच्या बिल्डमध्ये भलत्याच चुका निघण्याची भीती होती.

10:40
मागच्या बूटच्या लॉगमध्ये मेमरी संपल्याची एकही ओळ नाही.

मित्राने एलएलव्हीएमच्या सीमेक सेटिंगमध्ये एका वेळी एकच लिंकिंग अशी मर्यादा घातली, लिंकर म्हणून एलएलडी निवडला आणि मेमरी तळाला जाताच सर्वांत लठ्ठ प्रोसेस मारणारा अर्लीओओएम बसवला. कंपाइलची दहा कामं तशीच ठेवली, त्यांचा काही दोष नव्हता.