दिवसाची चाकरी, रात्रीची लेखणी

पानिपतच्या लढाईविषयी ज्या समकालीनांचे लेखन आपण आज वाचतो, त्यांतले बरेचसे कुणाच्या ना कुणाच्या चाकरीत होते. मी याच पानिपतात एका ब्लँकेट-निर्यातदाराकडे हिशेब सांभाळते आणि दोन वर्षांपासून रात्री मानधन घेऊन मराठीत लेख लिहून देते. म्हणूनच ही गोष्ट मला चटकन जाणवली असावी.

काशीराज पंडितांचे उदाहरण घ्या. मराठी माणूस, पण पगार अयोध्येच्या नवाबाचा. आणि नवाब शुजाउद्दौला तर अब्दालीच्या बाजूला. भाऊसाहेबांकडून तहाची बोलणी येत ती काशीराजांमार्फत. १४ जानेवारी १७६१ला मराठे हरले. त्यानंतर रणातून विश्वासराव आणि भाऊंचे देह शोधून ओळखण्याच्या कामातही हेच काशीराज होते. हे सारे पाहिलेल्या माणसाने आपली हकिकत फारसीत लिहिली ती १७८०मध्ये. लढाईला तोवर एकोणीस वर्षे झाली होती आणि शुजाला जाऊन पाच. त्यांनी इतका उशीर का केला, हे त्यांच्या मनात शिरून सांगता येणार नाही. पण पगार खाणाऱ्या कुणालाही त्या तारखा पुन्हा एकदा वाचाव्याशा वाटतील.

नाना फडणीस तेव्हा अवघे अठरा वर्षांचे. फडणिशीची वस्त्रे लहानपणीच अंगावर आलेली. आई आणि पत्नीसह यात्रेच्या ओढीने फौजेबरोबर उत्तरेत आले. पळापळीत आई कायमची अंतरली. त्यांनी पुढे जन्मभर दौलतीचे कागद हाताळले, पण आपल्याविषयी लिहिले ते एक छोटे आत्मवृत्त. त्यात आपल्या तारुण्यातल्या दोषांचीही कबुली आहे. त्या कागदापुरता धनी कुणी नव्हता.

तिसरे रघुनाथ यादव. त्यांची बखर गोपिकाबाईंच्या सांगण्यावरून लिहिली गेली, असे मानले जाते. गोपिकाबाई म्हणजे विश्वासरावांच्या आई. ज्या बाईचा मुलगा त्या रणात पडला, तिला ते रण लिहून द्यायचे! बखरीतला शौर्याचा थाट वाचताना मी पूर्वी हसत असे. आता ऐकणारी बाई कोण होती, ते आधी आठवते.

गेल्या डिसेंबरात माझ्याकडेही पानिपतचेच काम आले. संक्रांतीसाठी लेख हवा होता, मानधन माझ्या नेहमीच्या दुप्पट. अट एकच, दोषी एकच हवा आणि तो म्हणजे मल्हारराव होळकर. मल्हारराव रणातून निघून गेले, हे खरेच. पण डिसेंबर १७६०मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद आणखी तुटली, छावणीत माणसे आणि जनावरे उपाशी राहिली. हे सगळे वगळून एका माणसावर पराभव कसा टाकायचा? मी नाही म्हटले. ते गिऱ्हाईक पुन्हा आले नाही.

महिनाअखेरीस माझा पगार मात्र आला. तेव्हा मला कबूल करावे लागले की माझे सत्य त्या पगाराच्या टेकूवर उभे होते. घरभाडे त्या लेखावर अवलंबून असते, तर मी तो लिहून दिला असता. काशीराजांची चाकरी त्यांना गप्प ठेवत असेल किंवा नसेल. माझ्या चाकरीने मला नाही म्हणायची सोय दिली. पण उद्या माझ्याच धंद्याविषयी, इथल्या सूतगिरण्यांच्या धुळीविषयी लिहायची वेळ आली, तर हाच पगार माझा हात धरील, हेही मला ठाऊक आहे.

गोविंद सखाराम सरदेसाई १८८९मध्ये बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या नोकरीत लागले आणि १९२५मध्ये निवृत्त झाले. राजपुत्रांना शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून त्यांची रियासत उभी राहिली. छत्तीस वर्षांची चाकरी आणि तिच्या कडेकडेने चाललेले हे लिखाण. मैत्रिणी विचारतात, नोकरी कधी सोडतेस? मी सध्या सोडणार नाही. फक्त दोन वह्या वेगळ्या केल्या आहेत. एकीत गिऱ्हाइकांची कामे, दुसरीत सूतगिरण्यांची धूळ. दुसऱ्या वहीला एकोणीस वर्षे लागू नयेत, एवढीच धडपड आहे.