बासन घराण्याची वंशावळ: बंगालची अँजेला

बासन हे दक्षिण आफ्रिकेतील डच वसाहतकाळापासूनचे घराणे. मूळपुरुष आर्नोल्डस विलेम्स बासन हा आजच्या जर्मनीतील वेझेल गावचा. ‘विलेम्स’ म्हणजे विलेमचा पुत्र. आपण वडिलांचे नाव लावतो तसेच. यान फान रीबेक याने १६५२ साली वसवलेल्या केप वसाहतीत तो स्थायिक झाला.

घराण्याची मूळमाता मात्र भारतीय होती. ‘अँजेला फान बेंगाले’, म्हणजे बंगालची अँजेला, ही रीबेकच्या घरी गुलाम होती. १६६६ साली तिची मुलांसह मुक्तता झाली. १६६८ साली तिचा स्नानसंस्कार व १६६९ साली बासनशी विवाह झाला. तिची आधीची कन्या अ‍ॅना डी कोनिंग हिचा विवाह कप्तान ओलोफ बर्ग याच्याशी झाला.

गुलामांच्या नावापुढे बहुधा पित्याऐवजी मूळ प्रांत लिहीत. म्हणून वंशशोधकाला मुक्तिपत्रे व चर्चच्या नोंदवह्या पडताळाव्या लागतात. केपचे चर्च प्रोटेस्टंट होते. कॅथोलिक धर्मग्रामांना विवाहाची नोंदवही ट्रेंट धर्मपरिषदेने १५६३ साली बंधनकारक केली.

१९५० च्या कायद्याने दक्षिण आफ्रिकेत प्रत्येक नागरिकाची वर्णानुसार नोंद होऊ लागली. तो १९९१ साली रद्द झाला. ‘गोरी’ म्हणून नोंदलेल्या अनेक कुटुंबांची आदिमाता हीच अँजेला होय.